दऱ्यातली पाखरं आणि यांचे कान

कुकरच्या शिट्टीवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी सासू-नणंदांवरूनही कधी झाली नाहीत. सकाळची शाळा शिकवून मी घरी यायच्या आत भात खाली उतरवून ठेवायचा, एवढं एकच काम मी यांच्यावर सोपवलं होतं. मी गल्लीत शिरावं तर करपल्याचा वास मला सामोरा यायचा, आणि हे ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असायचे. विचारलं की म्हणायचे, शिट्टी झालीच नाही. आधी शिट्टीत बिघाड होता, मग रिंगमध्ये, मग गॅस बारीक होता. शेवटी मी नवा कुकर आणला. नवा कुकरही यांच्याशी बोलेना.

परभणीत घराच्याच पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ती माझ्या कानाशी घरघरते आहे. गिरणी सुरू असली की तिथं कुणी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. गिऱ्हाईक दारातूनच दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवतं, म्हणजे बारीक दळा. तळहात हलवला तर जाडसर. बाकीचं सगळं ओठांवरून कळतं. ज्वारी आहे की बाजरी, डबा आत्ता नेणार की संध्याकाळी, सून बाळंत झाली, जावयाची बदली झाली, इतक्या वर्षांच्या खबरी आम्ही दोघांनी ओठांवरून वाचल्या. म्हणून तर यांचे कान कधी गेले ते दोघांनाही कळलं नाही. समोर उभं राहून कुणी बोललं की हे बरोबर उत्तर द्यायचे. पाठमोरं बोललं की उत्तर नाही. आणि घरात पाठमोरी बोलणारी मी एकटीच, शेगडीकडे तोंड करून. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपलं ऐकत नाही, याचं मला तरी कशाला नवल वाटेल?

खरी शंका आली ती नातीमुळे. लेक पुण्याला असते. तिची पोरगी नुकतीच नीट बोलायला लागली, आवाज बारीक, आणि बडबड न संपणारी. फोनवर ती आबांना काहीबाही सांगत बसायची. हे थोडा वेळ हसत, हो हो, असं का, म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. एकदा मी शेजारीच भाजी निवडत होते. पोरगी विचारत होती, आबा तुम्ही कधी येणार. हे म्हणाले, हो हो. तिनं पुन्हा विचारलं. हे पुन्हा म्हणाले, हो हो. मग तिनंच फोन आईकडे दिला. त्या दिवशी मला यांचा राग आला नाही. भीती वाटली.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की यांचं डोकं फिरायचं. कानाचं मशीन म्हाताऱ्यांना लागतं, आणि आपण अजून म्हातारे झालेलो नाही, असं यांचं म्हणणं. शिवाय यांच्याकडे पुरावा होता, तो पाखरांचा. गिरणी उघडायच्या आधी हे रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या शेतांकडे फिरायला जातात, गळ्यात लेकीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेली दुर्बीण. गिरणीवाला आणि पाखरं बघतो, म्हणून लोकांनी पुष्कळ चेष्टा केली, पण यांनी ती कधी मनावर घेतली नाही. पाखरू दिसायच्या आधी हे आवाजावरून ओळखतात, हे तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. लग्नानंतर माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले तेसुद्धा खिडकीबाहेर कोणतं पाखरू ओरडतंय त्याबद्दल. कसल्या माणसाच्या गळ्यात पडले मी, असं तेव्हा मनात आलं होतं. पुढे त्या माणसावर जीव जडला, हेही सांगून टाकते.

"ज्याला पाखरू ऐकू येतंय, त्याचे कान गेले म्हनतेस तू?" हे मला विचारायचे.

मग कुकर का ऐकू येत नाही, असं मी विचारलं की हे म्हणायचे, कुकर काय पाखरू आहे का. मला फक्त एक दिसत होतं. विद्यापीठाच्या शेतांवरून हे परत यायचे तेव्हा आधी सतत आज अमुक ऐकलं, तमुक ऐकलं म्हणून सांगत सुटायचे. आताशा म्हणायचे, आज अमुक दिसलं. ऐकलं हा शब्दच गेला होता, आणि तो गेलेला यांना जाणवला नव्हता.

एका रविवारी भातावरूनच तोंडातोंडी झाली आणि हे इरेला पेटले. "दऱ्यात चल माझ्यासंगं. डोळे मिटून बसतो. जे पाखरू बोलंल त्याचं नाव सांगतो. न्हाई जमलं तर तू म्हनशील त्या डॉक्टरकडं येतो, मशीन बी लावतो."

मी म्हटलं, चला.

हा दरा म्हणजे गंगाखेडच्या पलीकडे, बालाघाटाच्या डोंगरात आत शिरलेली एक अरुंद खोल जागा. तरुणपणी हे एका मित्राबरोबर तिथं गेले होते. तेव्हापासून तो दरा आमच्या घरात राहायलाच आला. तिथला ओढा, तिथले मोर, तिथली शांतता, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. लग्न झाल्यापासून हे मला तिकडे नेतो नेतो म्हणत होते. पण गिरणी एक दिवस बंद ठेवायची म्हटली की यांना जिवावर यायचं. लोकांच्या घरी भाकरी कशी होणार, हे असं म्हणायचे, जणू परभणीत दुसरी गिरणीच नव्हती. त्या हिवाळ्यात मात्र गिरणीचे दगड झिजले आणि छिन्नीनं टाचून घ्यायला द्यावे लागले. ते परत येईपर्यंत दळण बंद. मी शाळेत रजा टाकली, आणि पहाटे गारठ्यात आम्ही स्कूटरवर निघालो. बेत असा होता, की ऊन चढायच्या आत दऱ्यात पोचायचं, कारण पाखरं सकाळीच बोलतात.

पिंगळीच्या पुढे चहा घेतला. यांचा मूड झकास होता. स्कूटर चालवताना मागे वळून काहीतरी सांगत होते आणि मी पाठीवर थापा मारून समोर बघा म्हणत होते. मी बोललेलं यांना ऐकू येत नव्हतं, पण स्कूटरवर कुणालाच येत नाही, तेव्हा ती लढाई मी सोडून दिली.

गंगाखेडला गोदावरीचा पूल ओलांडला आणि मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. बाजारात दुकानं बंद. रस्त्यानं ट्रॅक्टर, बैलगाड्या, फटफट्या, आणि सगळ्यांवर टोपल्या, बिंदग्या म्हणजे लहान घागरी, नव्या साड्यांतल्या बाया. एका टोपलीवरचं फडकं वाऱ्यानं उडालं आणि ओळखीचा वास आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. येळवस होती. मार्गशीर्षातली अमावस्या, गंगाखेड-सोनपेठकडचा सगळ्यात मोठा सण. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोप करून तिच्यात देव मांडतात, आणि दिवसभर शेतातच जेवण. आणि रस्त्यानं कुणीही जात असो, ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत.

मी सोनपेठची लेक. मला हे कळायला नको होतं का? आई होती तोवर येळवशीची भज्जी डब्यात भरून एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची आणि मी परभणीच्या स्टँडवर जाऊन तो डबा घ्यायची. आई गेल्यावर डबा बंद झाला, आणि येळवस कधी आहे हे कॅलेंडरवर बघायचंही मी सोडून दिलं. यांच्याकडे तर हा सण नाहीच. मी यांच्या कानाजवळ ओरडून सांगितलं की आता आपली सुटका नाही. हे हसले. म्हणाले, बरंच झालं की, सगळे शेतात जेवत बसतील, डोंगर मोकळा मिळेल.

डोंगराकडे जाणारी वाट शेतांमधूनच जाते, हे यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या शेताच्या कडेला स्कूटर लावली आणि धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालायला लागलो, तोच एक म्हातारी दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली. आम्ही म्हटलं, परत येताना जेवतो.

"येळवशीच्या दिशी माज्या धुऱ्यावरून उपाशी जाता व्हय?" ती म्हणाली. "आमी काय पाप केलंय?"

आम्ही चपला काढल्या. खोपीत चुन्यानं पांढरे केलेले दगड मांडले होते, पाया पडलो, आणि सतरंजीवर बसलो. वाटाणा, तुरीचे दाणे, गाजर, हिरवा लसूण, सगळं हिवाळ्यातलं रान बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि बिंदगीतली थंड आंबट आंबील. पहिला घास घेतला आणि मला आईच आठवली. मी खाली मान घालून जेवत राहिले, डोळे कुणाला दिसू दिले नाहीत. म्हातारीची सून यांच्या पाठीमागून आली आणि तिनं आंबील घालू का म्हणून विचारलं. हे जेवतच राहिले. तिनं पुन्हा विचारलं. म्हातारी म्हणाली, पाव्हणे रुसले जनू. सगळे हसले, आणि ते हसताना बघून हेही हसले, थोडे मागून. मी यांच्या गुडघ्याला हात लावून पेल्याकडे बोट दाखवलं. यांनी लगेच पेला पुढे केला आणि तोंडभर तारीफ केली. सून खुश झाली. मी मात्र त्या मागून आलेल्या हसण्यापाशीच अडकले. असं हे किती दिवसांपासून हसत असतील?

तिथून उठलो तर पुढचं शेत त्या म्हातारीच्या दिराचं. तिच्याकडे जेवलात आणि आमच्याकडे नाही, म्हणजे भाऊबंदकी आमच्यामुळे पेटायची. तिथं बसलो. त्याच्या पुढे तिसरं. नाही म्हणायची सोय नाही, थोडंसं म्हणायची तर त्याहून नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याशी होतो आणि दोघांनाही वाकता येत नव्हतं. पुढच्या खोपीतून कुणीतरी हाक मारली, तर हे चक्क ज्वारीच्या आडून पळाले. साठीकडे झुकलेला माणूस, पोटावर हात धरून, कणसांतून वाकून पळतोय. मी एवढी हसले की मला खाली बसावं लागलं.

खिंडीतून पलीकडे उतरलो आणि दरा दिसला.

मी आयुष्यभर ऐकत आले होते म्हणून वाटलं होतं, आता काय नवीन दिसणार. पण दोन्ही अंगांनी डोंगर इतका जवळ येईल, आणि मधे एवढीशी हिरवी पट्टी असेल, याची मला कल्पना करता आली नव्हती. उतारावर वाळलेलं कुसळी गवत उन्हात पिवळंधमक दिसत होतं. खाली ओढ्याकाठी बोरी, हिवर, बाभळी, आणि पाणी चालतंय की नाही ते वाकूनच कळावं एवढी त्याची मंद चाल. साडीला कुसळं टोचत होती, चप्पल निसटत होती. हे पुढे उतरून हात देत होते. लग्नात धरला होता त्यानंतर चारचौघांत यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही, आणि इथं तर चारचौघेही नव्हते.

ओढ्याच्या मऊ चिखलात रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, खुरांचे ठसे होते. यांनी बोट बुडवून ते ताजे आहेत म्हणून सांगितलं. एका दगडामागे साळिंदराचा काळा-पांढरा काटा सापडला, तो मी पदरात बांधला. वरच्या कड्यावर वानरांचं खांड बसलं होतं, एक वानरी पोटाशी पिलू धरून आमच्याकडे टक लावून बघत होती. मी बोरी झोडपली, पिकली बोरं वेचली, आणि पोटात तसूभर जागा नसताना खाल्ली. पाय पाण्यात सोडले. ते इतकं गार होतं की मी ओरडलेच. यांचा चेहरा असा दिसत होता, जणू तो दरा यांनीच खणून मला दाखवला. इतकी वर्षं मी इथं का आले नाही याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

मग हे एका सपाट दगडावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, आता बघ. डोळे मिटले.

मीही गप्प बसले. पहिल्यांदा होला घुमला. यांनी लगेच नाव सांगितलं. थोड्या वेळानं झाडीतून भारद्वाज बोलला, तो जाड खोल आवाज, तोही यांनी ओळखला आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं. नंतर हे थांबले. मान जरा तिरकी करून, हात गुडघ्यांवर ठेवून, वाट बघत राहिले.

"दुपार झाली," शेवटी हे म्हणाले. "झोपली समदी. त्या येळवशीनं उशीर केला आपल्याला."

आणि माझ्या कानात दरा वाजत होता. डोक्यावरच्या बाभळीत काहीतरी चिवचिवत होतं, ओढ्यापलीकडून कुणीतरी त्याला उत्तर देत होतं, गवतात बारीक किरकिर होती, वर उंच एक लांबलचक शीळ. मला एकाचंही नाव येत नव्हतं, पण कोणी झोपलेलं नव्हतं. पैज मी जिंकले होते. इतक्या महिन्यांच्या भांडणाचा निकाल माझ्या बाजूनं लागला होता, आणि मला तो नको होता. त्या दगडावर, मिटल्या डोळ्यांनी, एवढ्या विश्वासानं बसलेला तो माणूस बघून माझा जीव गलबलला. यांनी डोळे उघडले तेव्हा मी यांच्या समोर आले, ओठ दिसतील अशी, आणि म्हणाले, हो ना, झोपली सगळी.

तेवढ्यात वरच्या अंगाला वानर खेकसला आणि पाठोपाठ मोर ओरडला. सगळा दरा त्या आवाजानं भरून गेला. हे ताडकन उठले. ऐकलंस का, म्हणाले, मोर, आणि हसायला लागले, लहान पोरासारखे. मी म्हटलं, जिंकलात बाबा तुम्ही. मनापासून म्हटलं. जाऊ दे ते मशीन, करपू दे भात, असंच मला वाटत होतं.

मोर शोधायला यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मोर काही दिसला नाही. दुर्बीण फिरत फिरत समोरच्या बोरीवर आली आणि थांबली. फार वेळ थांबली. मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. शेंड्याजवळ एक चिमुकलं पाखरू, हिरवट पाठीचं, शेपटी वर उभारलेली, आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. मघापासून डोक्यात घण घातल्यासारखा जो एक आवाज चालला होता, तो त्याचा होता.

मला यांचा जबडा तेवढा दिसत होता. मग, दुर्बीण न काढता, हळू आवाजात यांनी विचारलं,

"त्याची चोच उघडझाप व्हायलीय. गळा हलायलाय. ते बोलायलंय का गं?"

नाही म्हणता आलं असतं. यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, दुर्बिणीतून माझे ओठ दिसणार नव्हते. मी पुढे होऊन यांच्या खांद्यावर हात ठेवला, वाकून कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "हो. मघापासून."

"आनि बाकीचे?"

"ते बी."

यांनी दुर्बीण खाली घेतली. काचा शर्टाच्या टोकानं पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग दगडावर बसले. मीही टेकले शेजारी, अगदी चिकटून. मी यांचा हात हातात घेतला. पीठ या हातांच्या रेषांतून कधी जातच नाही, कितीही धुतले तरी. ते पाखरू काही थांबलं नाही.

"कसं बोलायलंय ते?" हे म्हणाले. "करून दाखव."

मला गाणंसुद्धा येत नाही. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवते. तरी मी यांच्या कानाला तोंड लावलं आणि जसं ऐकू येत होतं तसं करायला लागले, टुविट, टुविट, टुविट. यांनी मान हलवली.

"इतकं सावकाश नसतंय ते. भरभर कर. मधी दम घेऊ नको."

मी भरभर केलं. टुविट टुविट टुविट टुविट, माझा श्वास संपेपर्यंत, त्या बोरीवरच्या पाखराबरोबर. यांनी डोळे मिटले होते. मिटल्या पापण्यांच्या कडेनं पाणी ओघळत होतं, आणि चेहऱ्यावर मात्र जुनं काहीतरी हळूहळू परत येत होतं.

"शिंपी पाखरू हाय," हे म्हणाले. मग डोळे न उघडताच माझा हात दाबला. "सोमवारी जाऊ डॉक्टरकडं. आता दुसरं कोनतं बोलायलंय ते सांग."

मी दऱ्याकडे कान केला.